कुंडीला भोक आहे का?

सण जवळ आले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी कीड, पिवळी पानं, न येणारी फुलं. आता मात्र 'कुणाला काय देऊ' हाच प्रश्न. त्यातली काही पत्रं इथे घेतली आहेत.

ताई, गेल्या वर्षी सणाला दहा जणांना रोपं दिली. ऐनवेळी आणून चकचकीत चिनीमातीच्या कुंड्यांत लावली होती. निम्मी महिनाभरात गेली. यंदाही रोपंच द्यायची आहेत, पण धीर होत नाही.

द्याच. फक्त आधी ती कुंडी उलटी करून बघा. तिला भोक आहे का? बहुतेक नसेल.

मी स्वतः हीच चूक केली आहे. एका मैत्रिणीला निळ्या चिनीमातीच्या कुंडीत जेडचं रोप दिलं होतं. भोक नव्हतं, म्हणून तळाशी दोन बोटं खडी घातली आणि निचऱ्याची सोय झाली असं समजले. तीन आठवड्यांनी तिचा फोन आला, नुसता हात लागला तरी पानं गळतायत. जाऊन रोप बाहेर काढलं. खडीत पाणी साचलेलं, मातीला तुंबलेल्या मोरीसारखा वास. मूळ चिमटीत धरून ओढलं तर साल हातात आली आणि आत नुसता दोरा उरला. मुळं कुजली की अशीच होतात.

खडीनं निचरा होतो हा समज अगदी घट्ट बसलेला आहे. बारीक माती पाणी धरून ठेवते. ती पुरती भिजून गच्च होईपर्यंत पाणी खालच्या खडीत उतरतच नाही. म्हणजे मातीचा चिंब थर खडीच्या उंचीइतका वर सरकतो, थेट मुळांपाशी. शिवाय भोक नसेल तर खडीत उतरलेलं पाणी तरी जाणार कुठे? तेव्हा रोप भोकं असलेल्या साध्या प्लास्टिकच्या कुंडीत लावा आणि ती कुंडी त्या देखण्या कुंडीत नुसती ठेवा. पाणी घालताना आतली बाहेर काढायची, निथळू द्यायची, मग परत ठेवायची. भेटीच्या कुंडीला चमकता कागद गुंडाळणार असाल तर त्यालाही खालून भोक पाडा. त्या कागदात पेलाभर पाणी सहज साठतं आणि वरून कळत नाही.

दुसरी गोष्ट वेळ. नवीन मातीत लावल्या लावल्या रोप दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्या उजेडात गेलं तर ते एकदम दोन धक्के खातं. मी सणाच्या दोन महिने आधी सुरुवात करते. मनीप्लांटच्या वेलीवर प्रत्येक पेरापाशी एक तपकिरी टोक दिसतं, ते मूळच असतं. पेराच्या जरा खाली कापायचं, एखादं पान ठेवायचं, पेर पाण्यात बुडेल असं उभं करायचं आणि चार-पाच दिवसांनी पाणी बदलत राहायचं. दोन-तीन आठवड्यांत मुळं बोटाच्या पेराएवढी होतात. तेव्हाच मातीत लावा, आणखी वाट बघू नका. पाण्यात फार वाढलेली मुळं मातीत लवकर रुळत नाहीत. चार इंची कुंडीत तीन फांद्या लावल्या की ती भरलेली दिसते. दोन भाग धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळखत आणि एक भाग परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे) किंवा जाड वाळू, एवढं पुरे.

महिन्यानं फांदी हलकेच ओढून बघा. ती धरून बसली असेल आणि टोकाला नवं पान सुटत असेल, तर रोप द्यायला तयार. कोलियस आणि पुदिनाही असाच होतो, उलट लवकर. दहा द्यायची असतील तर चौदा लावा.

ऑफिसमधल्या सगळ्यांना 'हवा शुद्ध करणारी' रोपं द्यायची ठरली आहेत. कोणती घेऊ?

रोपं जरूर द्या, पण त्यावर तसं लिहू नका. हा दावा नासासाठी झालेल्या 1989 च्या एका अभ्यासातून पसरला. त्यात रोपं छोट्या, बंद पेट्यांत ठेवली होती. पुढे 2019 मध्ये अशा बऱ्याच प्रयोगांचे आकडे एकत्र तपासले गेले. इमारतीत एरवी खेळणाऱ्या हवेची बरोबरी करायला दर चौरस मीटरला 10 ते 1000 रोपं लागतील असं त्यातून निघालं. टेबलावरची एक कुंडी तिथे काय करणार?

ऑफिससाठी स्नेक प्लांट द्या, ते त्याच्या चिवटपणासाठी. कमी उजेडात टिकतं, दोन-तीन आठवडे पाणी नाही मिळालं तरी कुरकुरत नाही. मात्र घरी नेणाऱ्यांना कुत्रं-मांजर आहे का ते विचारा. स्नेक प्लांट आणि मनीप्लांट दोन्ही त्यांनी चावले तर त्रास होतो. लिलीची फुलं तर मांजराच्या घरात नेऊच नका, मांजराच्या जिवावर बेतू शकतं.

मागच्या वर्षी भेट आलेलं पॉइन्सेटिया छान वाढलंय, पण हिरवंच. लाल केव्हा होणार?

रात्र मोठी मिळाली की. ती लाल दिसतात ती फुलं नव्हेत, रंग बदललेली पानं आहेत. खरी फुलं म्हणजे मधले बारीक पिवळे मणी. रोज सुमारे 14 तास सलग अंधार, असे साधारण आठ आठवडे मिळाले की रंग चढतो. खोलीतला दिवा किंवा खिडकीतून येणारा रस्त्यावरचा उजेडसुद्धा त्यात मोडता घालतो. मी संध्याकाळी पाचला कुंडीवर पुठ्ठ्याचं खोकं पालथं घालते आणि सकाळी सातला काढते. दिवसभर मात्र भरपूर उजेड हवा. एका वर्षी घरी पाहुणे होते, चार-पाच रात्री खोकं राहून गेलं आणि रंग फार उशिरा आला. सणाची तारीख धरून मागे मोजा आणि त्या रात्री चुकवू नका.

नवीन विकत घेणार असाल तर पानांच्या रंगाला भुलू नका, मधले मणी बघा. ते घट्ट मिटलेले असतील तर रंग पुढे बरेच दिवस राहतो.

आणि तारखेला फूल हवं, पण एवढी राखण नको, तर अमॅरिलिसचा कंद लावा. कंदापेक्षा जेमतेम मोठी कुंडी घ्या, कंदाचा वरचा तिसरा हिस्सा मातीबाहेर ठेवा. सहा ते आठ आठवड्यांत फूल. तो मी कळी वर निघाल्यावर देते, म्हणजे फूल उमलताना बघणं घेणाऱ्याच्या वाट्याला येतं.

नातीला बाटलीतली बाग द्यावी का? ती आठ वर्षांची आहे.

अगदी द्या, आणि तिच्याबरोबर बसून करा. लंडनच्या डॉक्टर नथॅनियल वॉर्ड यांनी 1829 मध्ये पतंगाचा कोश ओल्या मातीसह बंद बाटलीत ठेवला होता, तर त्या मातीतून नेचा आणि गवत उगवलं. आतली वाफ काचेवर जमते आणि परत खाली उतरते, म्हणून पाणी फार लागत नाही. पुढे तशाच काचपेट्यांतून झाडं समुद्रापार गेली. नातीला ही गोष्ट सांगा. नेचा आणि शेवाळ घाला, बाटली थेट उन्हात ठेवू नका. निवडुंगवर्गातली रोपं बंद बाटलीत सडतात, ती नकोत.

बहिणीकडे साठ कुंड्या आहेत. तिला आणखी रोप काय देणार?

रोप नकोच. धारदार छाटणीची कात्री, लांब बारीक तोटीची झारी किंवा चाळलेल्या गांडूळखताचं पोतं, यातलं काहीही तिला खरोखर उपयोगी पडेल. पण माझ्या मते सगळ्यात मोठी भेट वेगळी आहे. ती सुट्टीत बाहेर जाणार असेल तेव्हाचे दिवस विचारून घ्या आणि कुंड्यांना पाणी घालायचं काम तुमच्याकडे घ्या. तुम्हाला रोज जाणं जमणार नसेल तर लहान कुंड्या पाण्याच्या बादलीभोवती मांडा आणि बादलीतून प्रत्येक कुंडीत जाड दोरीची वात सोडा. दोरी नायलॉनची घ्या, सुती दोरी मातीत कुजते. लावण्याआधी ती पूर्ण भिजवा, नाहीतर पाणी चढत नाही. आणि बहीण निघायच्या दोन दिवस आधीच वाती लावून बघा, म्हणजे कुठली कुंडी कोरडी राहते ते ती घरी असतानाच कळेल.