सिमेंट ‘सुकत’ नाही!
जुळे सोलापूरहून एकांनी विचारलंय की आईच्या गुडघ्याचं सांधेरोपण झालं, डॉक्टर म्हणाले कृत्रिम सांधा (इम्प्लांट) हाडात पक्का करायचं सिमेंट सेट होताना तापतं म्हणून हाड जपायला आम्ही थंड सलाईन मारतो, तर मराठीत ‘सिमेंट सुकताना हाड भाजतं’ असं लिहिलं तर चालेल का.

‘सुकताना’ अजिबात नाही. हे ‘सिमेंट सुकलं’ ऐकून ऐकून कान किटले. सुकणं म्हणजे पाणी उडून जाणं, आणि पाणी उडालं की वस्तू गार होते, मे महिन्यातला माठ बघा. मग सुकणारी वस्तू हाडाला चटका कशी देईल? घराचं सिमेंटसुद्धा सुकत नाही, ते पाण्याशी रासायनिक संयोग होऊन घट्ट होतं, सुकू नये म्हणून तर आपण स्लॅबवर पोती टाकून पाणी मारतो. हाडातल्या सिमेंटचं तर पाण्याशी नातंच नाही. एक पावडर आणि एक उग्र वासाचं द्रव, दोन्ही कालवलं की द्रवाचे सुटे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि त्या जोडण्यातूनच उष्णता सुटते. हे ॲक्रिलिक आहे, म्हणजे एक प्लास्टिकच, नाव पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट. तेव्हा ‘घट्ट होताना’ म्हणा नाहीतर सरळ ‘सेट होताना’, पण सुकताना नको, त्या शब्दानं उष्णता कुठून आली तेच झाकून जातं.

आता खरी मजा. सिमेंट हा शब्द लॅटिन ‘कायमेंतुम’वरून आला, अर्थ दगडाचे फोडलेले तुकडे, आणि मूळ धातू ‘कायदेरे’, म्हणजे कापणे! रोमन लोक असे तुकडे चुन्यात घालून भिंती बांधायचे, पुढे नाव दगडावरून सरकत सांधणाऱ्या मालाला चिकटलं. त्याच धातूवरून सर्जनचं ‘इन्सिजन’, म्हणजे छेद, त्यावरूनच इंग्रजी चिझल. म्हणजे गुडघा उघडण्याचा शब्द आणि आत भरायच्या मालाचा शब्द सख्खी भावंडं! (चिझल आणि आपली छिन्नी मात्र एक नव्हेत, छिन्नी ‘छिद्’ची.) याच ‘कायदेरे’शी संस्कृत ‘खिद्’ जोडणारे व्युत्पत्तिकार आहेत, ‘खिद्’ म्हणजे रेटणे, फाडणे, त्यावरूनच खेद आणि खिन्न. काहींना हे नातं मान्य नाही, मला ते पूर्ण पटतं, अर्थ जुळतो, ध्वनी बऱ्यापैकी जुळतो, आणि वेदात ‘खेदा’ हे ठोकायचं हत्यार आहे, अजून काय पाहिजे? पण व्हॉट्सॲपवर ‘सीमान्त’वरून सिमेंट काढणाऱ्यांनी कोश तरी उघडावा. आणि बोन सिमेंटला ‘अस्थिबंध’ सुचवणाऱ्यांनी शाळेचं पुस्तक उघडावं, तिथे अस्थिबंध म्हणजे लिगामेंट, हाडाला हाड बांधणारा पट्टा. शिवाय हे सिमेंट बांधत नाही, चिकटवतही नाही, हाड आणि इम्प्लांटमधली फट भरून पक्की पकड देतं. १९५०च्या दशकाअखेर खुब्यासाठी ते वापरायला लागलेले ब्रिटिश सर्जन जॉन चार्नली हेच सांगायचे, हा डिंक नाही, भर आहे.

राहिलं ‘भाजतं’. ते बरोबर आहे, भाजणे हे ‘भृज्ज्’वरून, आपण शेंगा भाजतो तेच. ‘पोळतं’ कातडीला ठीक, ‘करपतं’ फार झालं. हाडाला ४७ अंश सेल्सिअस मिनिटभर मिळालं तरी पेशींना इजा होऊ शकते, आणि प्रयोगशाळेत या सिमेंटचा गोळा ७० च्या वर, कधी शंभराच्याही वर जातो. शरीरात इतकं होत नाही, थर पातळ असतो, रक्त वाहतं, इम्प्लांटचा धातू उष्णता ओढून घेतो. म्हणूनच थर दोनतीन मिलिमीटरचा आणि सगळीकडे सारखा ठेवायचा, जाड गोळा झाला की तिथे जास्त तापणार. थंड सलाईन त्यासाठीच, काहीजण इम्प्लांटही आधी गार करतात. सिमेंटच गार करून वापरलं तर मात्र सेट व्हायला वेळ लागतो, तोवर सर्जनला सांधा न हलवता धरून बसावं लागतं. स्लॅबवर पाणी सुकू नये म्हणून, इथे तापू नये म्हणून, दोन्हीला ‘पाणी मारणं’ म्हटलं तरी कारणं वेगळी.

तेव्हा ‘सिमेंट घट्ट होताना तापतं, त्यानं हाड भाजू नये म्हणून थंड सलाईन मारतात’ असं लिहा.