पॅनेल ५० चं की १०० चं? त्याआधी पॉलिसीचं पत्र द्या

प्रश्न : निफाड तालुक्यातल्या माझ्या जागेवर ६०० चौरस फुटांचं स्टीलचं प्रीफॅब घर बसवायचं आहे. ५० मिमी पफ पॅनेलमध्ये (दोन पत्र्यांच्या मधे पॉलियुरेथेन फोम) १०.२ लाख आणि १०० मिमीच्या ‘ऑल वेदर’ पॅकेजमध्ये १२ लाख असा दर मिळाला. वरचे १.८ लाख विजेच्या बचतीतून पाच वर्षांत सुटतील, असं विक्रेता म्हणतो. छप्पर विटकरी रंगाचं, पश्चिमेला द्राक्षबागेकडे ८ बाय ६ फुटांची सरकती काच. माझं वय ५५, हातात पगार ७५ हजार, निवृत्ती ५८ व्या वर्षी. गृहकर्ज जमलं नाही, म्हणून १२ लाखांचं वैयक्तिक कर्ज घेतोय, १४ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी. ८ लाखांची एफडी आहे, ती मोडायची नाही. हप्त्याचं ओझं हलकं व्हावं म्हणून बँकेतून ‘गॅरंटीड इन्कम’ पॉलिसीही घेतली : दहा वर्षं दरसाल १.२ लाख भरायचे, बाराव्या वर्षापासून दहा वर्षं दरसाल २ लाख मिळणार. कागद येऊन १८ दिवस झाले. ५० घेऊ की १००?

उत्तर : ५० घ्या. का ते पुढे सांगतो. पॅनेलचा निर्णय महिनाभर लांबला तरी बिघडत नाही, पण तुमच्या पॉलिसीला फक्त बारा दिवस उरलेत.

पॉलिसीचे कागद हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. याला फ्री लुक म्हणतात. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च आणि तेवढ्या दिवसांचा विम्याचा भार कापून बाकी पैसे परत मिळतात. लेखी अर्ज विमा कंपनीच्या शाखेत द्या, पोच म्हणून शिक्का घ्या आणि त्याच दिवशी ईमेलही करा. ज्यांनी विकली त्यांच्याकडे अर्ज देऊन ‘बघतो, फोन करतो’वर विसंबू नका. बारा दिवस त्यातच जातील.

परत का करायची? कर्ज पाचव्या वर्षी संपणार आणि पॉलिसीचा पैसा बाराव्या वर्षी सुरू होणार. मग हप्त्याचं ओझं हलकं कसं होणार, हे विकणाऱ्यालाच विचारायला हवं होतं. १२ लाख भरून २० लाख मिळतात खरे, पण मधलं अंतर धरलं तर परतावा वर्षाला पाच टक्क्यांच्या आतच बसतो. म्हणजे १४ टक्क्यांनी उसने घेऊन पाच टक्क्यांनी ठेवायचे. शिवाय पगार ५८ ला थांबेल आणि प्रीमियमची सात वर्षं उरलेली असतील : ८.४ लाख. ज्या एफडीला हात लावायचा नाही म्हणताय, ती नेमकी इथेच संपेल.

आता कर्ज. १२ लाखांचा हप्ता २८ हजारांच्या आसपास, व्याज पावणेपाच लाख. प्रीमियम धरला तर निम्मा पगार गेला, आणि शेवटची दोन वर्षं हप्ता पगाराशिवाय भरायचा. त्यापेक्षा पॉलिसीचे सव्वा लाखाच्या आतबाहेर परत येतील ते, एफडीतले ४ लाख आणि ५ लाखांचं कर्ज तीन वर्षांसाठी, असं बसवा. हप्ता १७ हजार, व्याज सव्वा लाखाच्या आत, आणि निवृत्तीच्या सुमारास कर्ज संपलेलं. उरलेले ४ लाख अडीअडचणीला. (आरोग्यविमा फक्त कंपनीचा असेल तर तो ५८ ला जाईल. स्वतःचा आत्ताच घ्या.)

आता पॅनेल. मे महिन्याच्या दुपारी विटकरी पत्रा ६५ अंशांपर्यंत तापतो. ५० मिमी पफमधून छपराची आणि भिंतींची मिळून दीड किलोवॅट उष्णता आत येते, १०० मिमीतून त्याच्या निम्मी. ही पाऊण किलोवॅट उष्णता बाहेर काढायला एसीला जेमतेम सव्वादोनशे वॅट वीज लागते. आठ तासांचे दोन युनिट धरू, चार महिन्यांचे २४०, दहा रुपयांनी २,४०० रुपये. १.८ लाख वसूल व्हायला पंचाहत्तर वर्षं! आणि ते १४ टक्क्यांनी उसने असतील तर अडीच लाखांना पडतात. पाच वर्षांत वसूल व्हायचे तर वर्षाला ३६ हजार वाचायला हवेत. दीड टनाच्या एसीचं उन्हाळ्याचं सगळं बिलच बारा हजारांच्या घरात जातं. आतल्या छताच्या तापमानात दोन्ही पॅनेलमध्ये फरक पडतो तो अंशभराचा.

खरी उष्णता दुसरीकडून येते. पश्चिमेची ती काच दुपारी चारला एकटीच दोन किलोवॅटच्या वर उष्णता आत घेईल, म्हणजे सगळ्या छप्पर-भिंतींपेक्षा जास्त. आतला पडदा फारसा उपयोगाचा नाही, कारण तोवर ऊन काचेतून आत आलेलं असतं. बाहेर सहा फुटी पडवी काढा, नाहीतर बांबूची चिक किंवा शेडनेट लावा. आणि छप्पर विटकरी नको, पांढरं घ्या. पत्रा १५ अंशांनी थंड राहतो आणि जाड पॅनेलने छपरातून जेवढा फायदा होतो, त्यातला बराचसा बहुतेक वेळा फुकट मिळतो.

निफाडच्या थंडीत त्रास होतो तो घराच्या सांध्यांचा. पॅनेलच्या जोडात ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी), आढ्याच्या पट्टीखाली आणि कोपऱ्यांच्या फ्लॅशिंगमागे (सांधा झाकणाऱ्या पत्र्याच्या पट्टीमागे) फोम, हे कोटेशनमध्ये लिहून घ्या. लोखंडी खांब पॅनेलमधून आरपार बाहेर जाऊ देऊ नका. पोलाद पफच्या दोन हजार पट उष्णता वाहून नेतं, त्यामुळे पहाटे त्या खांबाला घाम फुटतो आणि पाणी अंथरुणावर ठिबकतं. स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात एक्झॉस्ट हवाच. जमीन उचललेल्या फ्रेमवर सिमेंट बोर्डाची असेल तर खालून पफ लावून घ्या. काँक्रीटचा जोता असेल तर तो खर्च नको.

पॅनेलमध्ये ‘घनता ४० किलो प्रति घनमीटर’ असं लिहून मागा आणि माल उतरवताना एक कापलेला तुकडा बघा. दाणे दिसले तर तो थर्माकोल आहे, परत पाठवा. दहा टक्के रक्कम पहिला जोरदार पाऊस होईपर्यंत राखून ठेवा.