'मत्तयकृत'मधलं कृत आणि बॅटमनचं 'क्रिएटेड बाय'

प्रश्न असा आलाय की मराठी बायबलमधे येशूची कथा सांगणाऱ्या चार पुस्तकांपैकी (गॉस्पेल, म्हणजे शुभवर्तमानं) पहिल्यावर "मत्तयकृत शुभवर्तमान" छापतात पण इंग्रजीत तिथे "अकॉर्डिंग टू मॅथ्यू" असतं, म्हणजे मत्तयानुसार, मग आपलं 'कृत' चुकलंय का? आणि चुकलं नसेल तर कॉमिक्सवरच्या "क्रिएटेड बाय"लाही हेच 'कृत' लावून मोकळं व्हायचं का? दोन प्रश्न एका दमात विचारलेत ते बरं झालं, एकाचं उत्तर दुसऱ्यात आहे.

व्याकरण सोपं आहे. मत्तयाने केलेलं ते मत्तयकृत, तृतीया तत्पुरुष, विषय संपला. पण आपण कृत वापरतो कुठे ते बघा की. तुलसीदासकृत रामायण म्हटलं म्हणून तुलसीदासांनी राम 'क्रिएट' केला असं कोणाच्या स्वप्नातही येत नाही, कथा आधीपासून होतीच, तिचं हे सांगणं तुलसीदासांचं, एवढाच अर्थ आपण घेतो. म्हणजे वाल्मीकींचं रामायण वेगळं आणि हे वेगळं, पण राम तोच. मराठीतलं कृत हे सांगणाऱ्याचं क्रेडिट आहे, सांगितलेल्या गोष्टीच्या मालकीचं नाही. त्यामुळे 'अनुसार'मधे जे आहे ते बरंचसं कृतमधे आधीच येऊन बसलंय.

मूळ ग्रीकमधे शब्द आहे 'काता', म्हणजे 'अनुसार'. चौथ्या शतकातल्या सिनाइटिकस आणि व्हॅटिकनस या बायबलच्या दोन हस्तलिखितांत टायटल नुसतं "काता मत्थायोन" एवढंच आहे, शुभवर्तमान हा शब्दसुद्धा नाही. चांगली बातमी (शुभवर्तमानाचा शब्दशः अर्थ तोच) एकच, ती मत्तय, मार्क, लूक आणि योहान या चार जणांच्या तोंडून आली, असा तो सगळा विचार. गंमत म्हणजे आतल्या मजकुरात "मी मत्तय हे लिहितो" असं कुठेच नाही. लूक सुरुवातीला सांगतो की अनेकांनी हे लिहायला घेतलंय, मीही सगळं नीट शोधून क्रमवार लिहितोय, पण स्वतःचं नाव नाही. योहानाच्या शेवटी (२१:२४) ज्या शिष्याने हे लिहिलं त्याची साक्ष खरी आहे असं येतं, नाव तिथेही नाही.

म्हणूनच ख्रिस्ती लोकांमधेच कृतचं वजन वेगवेगळं पडतं. अनेक इव्हँजेलिकल (बायबलच्या शब्दावर भर देणारे प्रोटेस्टंट) मंडळी ते सरळ घेतात, येशूचा शिष्य झालेल्या जकातदार मत्तयानेच लिहिलं, आणि विश्वासार्हता त्या साक्षीदारावर टेकवतात. कॅथलिक चर्चने १९६५ च्या 'देई व्हर्बुम' या अधिकृत दस्तऐवजामधे शुभवर्तमानं ऐतिहासिक आहेत हे ठामपणे म्हटलं, पण लेखकांनी मजकूर निवडला, आटोपशीर केला, तेव्हाच्या ख्रिस्ती मंडळ्यांची परिस्थिती बघून मांडला हेही त्याच दमात सांगितलं. आणि बरेच ख्रिस्ती अभ्यासक असे आहेत की नावं मागाहून चिकटली असं मानतात आणि तरीही त्यांची श्रद्धा काही ढळत नाही. या तिसऱ्या गटाला 'कृत' थोडं टोचेल, 'अनुसार' चालेल. मला विचाराल तर छापील परंपरा आहे ती राहू द्या.

मला यात सगळ्यात भारी वाटतो तो मार्क. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा बिशप पापियास सांगतो (त्याचं लिखाण आपल्यापर्यंत येतं चर्चचा इतिहासकार युसेबियसच्या उताऱ्यातून) की मार्क हा येशूचा प्रमुख शिष्य पेत्र याचा दुभाषा, पेत्राच्या आठवणी त्याने अचूक लिहिल्या, पण क्रमाने नाही. म्हणजे माल पेत्राचा आणि नाव मार्कचं! श्रद्धावान लोक इथे एक मुद्दा काढतात आणि तो मला पटतो, की खोटंच नाव लावायचं होतं तर येशूच्या बारा प्रेषितांत (मुख्य शिष्यांत) नसलेल्या मार्कचं कशाला लावलं असतं, थेट पेत्राचंच लावलं असतं की. आणि पेत्राच्या नावाचं एक शुभवर्तमान होतंही, अंत्युखियाचा बिशप सेरापियन याने आधी ते वाचायला परवानगी दिली आणि मग स्वतः वाचल्यावर नाकारलं. मोठं नाव बघून गप्प बसला नाही बिचारा.

कॉमिक्समधे नेमकं उलटं झालं, तिथे मोठं नाव जिंकलं. बॅटमन १९३९ मधे आला, पहिली गोष्ट लिहिली बिल फिंगरने, ती टोपी, तो केप, ब्रूस वेन हे नाव, सगळ्यात त्याचा हात. पण करार चित्रकार बॉब केनचा, त्यामुळे सही केनची, चित्रं दुसऱ्याने काढली तरी श्रेयाच्या चौकटीत नाव केनचं. फिंगर १९७४ मधे गेला. केनने १९८९ च्या आत्मचरित्रात त्याला श्रेय द्यायला हवं होतं असं कबूल केलं, आणि क्रेडिट लाइन बदलली २०१५ मधे. सुपरमॅनवाले सीगल आणि शुस्टर यांनी तर १३० डॉलरला सगळे हक्क देऊन टाकले होते, १९७५ मधे कॉमिक्स चित्रकार नील अ‍ॅडम्स वगैरेंनी आवाज उठवल्यावर त्यांची नावं परत आली आणि वर्षाला प्रत्येकी २०,००० डॉलर सुरू झाले.

तर इथे 'केनकृत बॅटमन' लिहू नका. सांगणाऱ्याचा मान देणारा शब्द जिथे लावाल तिथे सांगणारा फिंगरच निघतो, पंचाईत. 'निर्माता'ही नको, आपल्याकडे निर्माता म्हटलं की पैसे घालणारा डोळ्यासमोर येतो, म्हणजे नेमकी प्रकाशन कंपनी, मग फिंगर, सीगल, शुस्टर या बिचाऱ्यांवर दुसऱ्यांदा अन्याय. 'जनक' चालेल, सुपरमॅनचे जनक सीगल आणि शुस्टर, छान बसतं.

फक्त एक सांभाळा. २०१५ नंतरची ओळ "बॉब केन, विथ बिल फिंगर" अशी आहे. भाषांतर करताना हात शिवशिवतो 'आणि' लिहायला, मलाही वाटलं होतं, पण 'बिल फिंगर यांच्यासह' असंच लिहा. त्यांनी 'आणि' दिलेलं नाही, ते आपण भाषांतरात गुपचूप देऊन टाकलं तर वाचणाऱ्याला कळणारच नाही की दिलं नव्हतं.