साताऱ्यात राहतो. चार वर्षांची मुलगी, आठ महिन्यांचं बाळ आणि आई-वडील सोबत असतात. ट्रायबर, अर्टिगा, कॅरेन्स या सात सीटर गाड्यांपैकी कोणती घ्यावी? दोन चाइल्ड सीट नीट बसतील का?

दोन चाइल्ड सीट तिन्ही गाड्यांत बसतात. पण त्या बसवल्यावर तुमची आई गाडीत कुठून चढणार आणि कुठे बसणार, हे आधी ठरवा. गाडी त्यावरूनच ठरते. मायलेज, सनरूफ, टचस्क्रीन हे सगळं त्याच्यानंतर.

आमचंही घर तुमच्यासारखंच आहे. गोडोलीत राहतो, सासू-सासरे सोबत, दोन मुलं, आणि माहेर सांगलीला. त्यामुळे कराड, पेठ नाका, आष्टा हा रस्ता सहा जणांनी भरलेल्या गाडीतून कायम होतो. आमच्याकडे कॅरेन्स आहे, पण घेण्याआधी तिन्ही गाड्यांत आमच्या सीट बसवून पाहिल्या होत्या.

बहुतेक जण शोरूममध्ये मधली रांग पाहतात, दोन मुलं तिथे बसतील म्हणतात आणि मोकळे होतात. आता हिशेब करून बघा. चालवणार तुम्ही, शेजारी वडील. मधल्या रांगेत दोन्ही खिडक्यांशी चाइल्ड सीट. मग तुमची बायको आणि आई कुठे? मधोमध जी जागा उरते तिथे मोठं माणूस अंग चोरून बसतं. सीटची रुंदी साधारण ४४ सेंटिमीटर धरा, दोन मिळून ८८ झाले. दाराजवळची थोडी जागा वाया जाते ती वेगळीच, आणि मधल्या पट्ट्याचं बकल बऱ्याचदा चाइल्ड सीटच्या कडेखाली दबतं. राहिली मागची रांग. तिथे जायला मधलं सीट दुमडावं लागतं आणि चाइल्ड सीट लावलेलं सीट दुमडत नाही. दुमडायचं तर दर वेळी बाळाची सीट काढा, परत लावा. दोन दिवसांत कंटाळा येतो आणि मग बाळ मांडीवर येतं. मला भीती वाटते ती इथेच.

आम्ही काढलेला मार्ग असा. बाळाची सीट मधल्या रांगेत उजवीकडे, ड्रायव्हरच्या मागे. तिच्या शेजारी मधोमध मी. डाव्या खिडकीशी सासूबाई, कारण त्यांचे गुडघे दुखतात आणि फुटपाथच्या बाजूने त्यांना सरळ बसता-उतरता येतं. थोरली मागच्या रांगेत, बूस्टरवर (पट्टा नीट खांद्यावर यावा म्हणून मुलाला उंच बसवणारी बैठक), माझ्या पाठीमागच्या डाव्या जागी. तिचं अर्धं सीट उघडं आणि उजवीकडचं आडवं करून त्यावर बॅगा. डावं सीट मोकळं असल्यामुळे ते दुमडून ती आत जाते, मग आजी बसतात. एक गोष्ट मात्र शोरूममध्येच पाहा: मधली रांग ६०:४० अशी विभागलेली असते, तर डाव्या बाजूला मोठा भाग आहे की छोटा? मोठा भाग डावीकडे असेल तर मुलीला आत सोडताना मधल्या माणसालाही उतरावं लागतं.

तुमची मुलगी चारच वर्षांची आहे, म्हणून तिला मागे बसवण्याची घाई करू नका. साधा बूस्टर साधारण १५ किलोच्या पुढे चालतो आणि त्याला खांद्यावरून येणारा तीन बिंदूंचा पट्टा लागतो, नुसता कमरेचा पट्टा कधीच नाही. पाठ असलेला बूस्टर घ्या, झोप लागली की मान एका बाजूला कलंडत नाही. शिवाय सात सीटर गाडीत मागच्या सीटच्या पाठीमागे डिकीचं दार फार जवळ असतं. मागून ट्रक येऊन आदळला तर मध्ये अंतर फार उरत नाही. खंबाटकीचा बोगदा संपल्यावरच्या वळणावर किती अपघात झालेत ते आपण साताऱ्याची माणसं जाणतो. म्हणून थोरली सात-आठ वर्षांची होईपर्यंत लांबच्या प्रवासात तिलाही मधल्या रांगेत ठेवणं मला जास्त बरं वाटतं. तेव्हा आई पुढे, वडील मधोमध किंवा मागे, असं तुमच्या घरात कोणाला काय झेपतं ते पाहून ठरवा. वडील चढू शकत असतील तर मागची रांग त्यांना द्या, आईंना नको.

कॅप्टन सीटवाली सहा सीटर हाही एक पर्याय आहे, म्हणजे मारुतीची एक्सएल६ किंवा कॅरेन्सचं नवं रूप असलेल्या क्लॅव्हिसची सहा सीटर. दोन्ही मुलं दोन सुट्या सीटवर, आणि मधल्या वाटेने मोठी माणसं मागे जातात. सीट काढावी लागत नाही हा मोठा फायदा. तोटा असा की वाकून, कडेकडेने मागे जायचं काम मोठ्यांनाच पडतं आणि बाळाशेजारी कोणी बसू शकत नाही. आठ महिन्यांचं बाळ आष्ट्याजवळ रडायला लागलं की शेजारी हात लागतोच. म्हणून तुमच्यासाठी मी सात सीटरच म्हणेन.

आता सीट बसवण्याबद्दल. सीटच्या पाठ आणि बैठकीच्या फटीत दोन लोखंडी कड्या असतात, त्याला आयसोफिक्स म्हणतात. चाइल्ड सीटचे हूक त्यात 'कट' आवाज करून बसतात आणि खूण हिरवी होते. तिसरा आधार वरच्या पट्ट्याचा, तो सीटच्या मागच्या बाजूच्या कडीला जातो. सात सीटर गाडीत हा पट्टा मागच्या माणसाच्या पुढ्यातून जातो, तेव्हा मागे वडील बसणार असतील तर त्यांच्या गुडघ्यांना लागतो का ते पाहा. पट्टा घट्ट ओढल्यावर सीट दोन्ही हातांनी हलवून बघा, अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलली तर नीट बसलेली नाही. हूकवर एकूण वजनाची मर्यादा साधारण ३३ किलो असते, मूल आणि सीट मिळून. म्हणजे मुलगी १८ किलोच्या आसपास गेली की सीटच्या पुस्तिकेत काय लिहिलंय ते वाचून पट्ट्यावर जायचं.

बाळाची सीट तोंड मागे करूनच लावा. चाइल्ड सीटसाठीच्या नव्या आर १२९ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार किमान १५ महिन्यांपर्यंत, आणि सीट परवानगी देत असेल तर त्याहून जास्त. ही तिरकी सीट लांबीला खूप जागा खाते. तुम्ही उंच असाल तर तुमचं सीट पुढे सरकवावं लागेल, त्यामुळे शोरूममध्ये तुम्ही स्वतः स्टिअरिंगवर बसा आणि मागे बाळाची सीट लावून बघा. पुढच्या सीटवर चालू एअरबॅगसमोर ती सीट कधीही लावू नका. विकत घेताना जुनं आर ४४, नवं आर १२९ किंवा आपल्याकडचं एआयएस ०७२ यांपैकी एक खूण सीटवर असायलाच हवी. अपघातात वापरलेली सीट फुकट मिळाली तरी घेऊ नका.

तिन्ही गाड्यांबद्दल माझं मत. ट्रायबर चार मीटरच्या आत आहे, म्हणून राजवाडा, मोती चौक, पेठांच्या गल्ल्या यांत सगळ्यांत सोपी. तिची मागची सीटं पूर्ण काढून ठेवता येतात, ही फार सुरेख सोय आहे: सगळी लावलेली असताना डिकी ८४ लिटरची, काढली की ६२५ लिटरची. सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झाला, त्याचाही तिला फायदा मिळतो. २०२१ मध्ये ग्लोबल एनकॅपने, म्हणजे गाड्या आदळवून सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने, तिला पाचपैकी मोठ्यांसाठी चार आणि मुलांसाठी तीन तारे दिले. इंजिन मात्र एक लिटरचं, ७२ पीएस ताकदीचं. दोन मोठी, दोन मुलं असतील तर छान. सहा जण आणि सामान घेऊन यवतेश्वर किंवा पसरणीचा घाट चढताना तिचा जीव थोडा होतो. आयसोफिक्स कुठल्या व्हेरियंटला आहे ते कागदावर न पाहता सीटच्या फटीत हात घालून पाहा.

अर्टिगा ऐसपैस, दीड लिटरचं इंजिन, दुरुस्ती प्रत्येक तालुक्याला. सीएनजीचा मोह होईल, पण टाकी डिकीची जागा घेते आणि बाबागाडी ठेवायला जागाच उरत नाही. लहान मूल असताना पेट्रोलच घ्या, असं मी ठामपणे सांगेन. मला खटकते ती सुरक्षेची बाजू. भारतात बनलेल्या, आफ्रिकेसाठीच्या अर्टिगाला २०२४ च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत मोठ्यांसाठी एक आणि मुलांसाठी दोन तारे मिळाले. त्यानंतर २०२५ मध्ये इथल्या सगळ्या व्हेरियंटना सहा एअरबॅग आल्या, हे चांगलं झालं.

कॅरेन्सला २०२२ पासून सगळ्या व्हेरियंटना सहा एअरबॅग आहेत आणि त्या वर्षी ग्लोबल एनकॅपचे तारे मोठ्यांसाठी तीन, मुलांसाठी तीन होते. लांबी ४५४० मिलिमीटर, म्हणजे गल्लीत थोडी जपून न्यावी लागते. मधल्या रांगेचं सीट बटणाने पडतं ते वरच्या व्हेरियंटमध्ये. घेणार असाल त्या व्हेरियंटला ते हाताने आहे की बटणाने ते विचारा. घाटासाठी टर्बो पेट्रोल किंवा डिझेल. कासला ढगात आणि पावसात गाडी पूर्ण भरून नेताना त्या जादा ताकदीचं मोल कळतं. बजेट बसत असेल तर तुमच्या घरासाठी माझी निवड हीच. बसत नसेल तर सहा एअरबॅगवाली पेट्रोल अर्टिगा, आणि ओढाताण करून टॉप मॉडेल घेण्यापेक्षा वाचलेले पैसे दोन चांगल्या चाइल्ड सीटवर घाला.

मारुती इकोची सरकती दारं पाहून काहींना ती आवडते, कारण मंगळवार पेठेच्या उतारावर गाडी लावली की साधं दार आपोआप मिटायला बघतं आणि हातात बाळ असतं. सोय खरी आहे. पण २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत विना-एअरबॅग इकोला मोठ्यांसाठी शून्य तारे मिळाले होते, आणि मूल असलेल्या घरासाठी मी तिचा विचार करणार नाही.

टेस्ट ड्राइव्हला जाताना दोन्ही मुलं, दोन्ही सीट आणि आई-वडील सगळ्यांना घेऊन जा. सेल्समन थोडा कंटाळतो, पण अडवत नाही. आईंना दोनदा चढा-उतरायला सांगा. बाळाला सीटमध्ये बसवताना तुमचं डोकं दाराच्या वरच्या कडेला आपटतं का पाहा. एसी चालू करून मागच्या रांगेत पाच मिनिटं बसा, एप्रिलमधली सांगली आठवा.

घरातून एक बोलणं ऐकावं लागेल: "लेकराला बांधून काय ठेवता, माझ्या मांडीवर दे." त्यांचा जीव मुलावरच असतो, म्हणून रागावू नका, समजावून सांगा. ताशी ५० किलोमीटरला गाडी आदळून क्षणात थांबली, तर दहा किलोचं बाळ त्या क्षणी दोनशे-तीनशे किलोच्या ओढीने हातातून निसटतं. कितीही घट्ट धरलं तरी आजीचा हात त्याला पुरत नाही. शिवाय २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्यात १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट नसेल तर एक हजार रुपये दंड आहे. आमच्या सासूबाईंना दंडाचं काही वाटलं नाही, ओढीचा हिशेब मात्र पटला. आता बाळाचा पट्टा त्याच तपासतात.

शेवटचं, बुकिंग करताना सीट कव्हर शोरूममधून घेणार असाल तर आधी पाहून घ्या. बरीच कव्हरं आयसोफिक्सच्या फटी आणि बकल झाकून टाकतात, आणि पुढच्या सीटच्या कडेतून उघडणाऱ्या एअरबॅगलाही अडतात. कव्हर नसलेलं चांगलं. आणि डिलिव्हरीच्या दिवशी घरी येतानाच दोन्ही सीट लावलेल्या असू द्या, म्हणजे गाडीचा पहिला प्रवासही मुलं त्यांच्याच जागेवर बसून करतील.