वाशीत कुणी सत्तरच्या दशकातले जुने कॅल्क्युलेटर विकत असेल, तर घेण्याआधी काय तपासावं?

तुमचा प्रश्न असा: दोन कॅल्क्युलेटर आहेत, एक लाल आकड्यांचा, एक हिरवट-निळ्या आकड्यांचा. विकणारे म्हणतात 'सेल टाकले की चालेल', किंमत मात्र चालू असल्यासारखी सांगतात.

'सेल टाकले की चालेल' म्हणजे एक तर टाकून पाहिलेले नाहीत, किंवा पाहिले आणि चालला नाही. पण तुम्हीही गेल्या गेल्या सेल टाकू नका. आधी मागचं झाकण उघडा आणि मोबाइलच्या टॉर्चने स्प्रिंगा बघा. नुसती पांढरी पावडर असेल तर साफ होते. हिरवट-निळा थर स्प्रिंगच्या मुळापर्यंत गेला असेल तर काळ्या वायरवर संशय घ्या. जुन्या निकेल-कॅडमियम सेलमधला क्षार ऋण टोकाच्या वायरीतून, प्लास्टिकच्या आतून पुढे सरकतो. वरून वायर धडधाकट दिसते, पण कडक लागते; सोलली तर तांबं आत काळं पडलेलं असतं आणि त्यावर सोल्डर धरत नाही. ती वायर बदलायचीच. तोच क्षार पीसीबीपर्यंत, म्हणजे आतल्या सर्किटच्या पाटीपर्यंत, पोचला असेल तर तिच्यावरचे तांब्याचे ट्रॅक खाल्लेले असणार, मग भाव निम्म्यावर आणा.

घेतल्यावर घरी साफ करताना आधी कुठले सेल होते ते बघा. अल्कलाइन किंवा निकेल-कॅडमियम असतील तर इअरबडवर थेंबभर व्हिनेगर. साधे झिंक-कार्बन असतील तर व्हिनेगर उपयोगाचं नाही, कारण ती गळती मुळातच आम्लधर्मी. तिथे चिमूटभर खाण्याचा सोडा घातलेलं पाणी. दोन्हींनंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण सुकू द्या. खाडीकाठच्या आपल्या हवेत, त्यातून पावसाळ्यात, पंख्याखाली रात्रभर ठेवलेलं बरं.

सोबत अडॅप्टर देत असतील तर त्यावरचा व्होल्टेज वाचा. अमेरिकेहून आलेला 110-120 व्होल्टचा असेल तर आपल्या 230 वर तो जळेल, कधी कॅल्क्युलेटरलाही घेऊन जाईल. ह्युलेट-पॅकार्डच्या एचपी-21, एचपी-25 या मालिकेतला कॅल्क्युलेटर बॅटरी पॅक काढून नुसत्या चार्जरवर कधीच लावू नका. तिथे सेलच व्होल्टेज आवरून धरतात. ते नसतील तर जास्तीचा व्होल्टेज थेट चिपवर जातो, आणि ती चिप आता मिळत नाही.

स्प्रिंगा आणि अडॅप्टर बघून झाले की तिथेच सेल टाका, पण घरून नवे घेऊन जा. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीआय-30 सारख्याला 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी लागते.

आता डिस्प्ले. पैसे खरे याचेच, कारण बाकी बरंच दुरुस्त होतं. सगळीकडे 8 भरा. लाल एलईडीत एखादी रेघ सगळ्याच आकड्यांतून गायब असेल तर दोष त्या सेगमेंटच्या लाइनमध्ये असतो, बऱ्याचदा एखादा कच्चा सोल्डर जॉइंट. एकच अख्खा आकडा मेलेला असेल तर त्या आकड्याची लाइन किंवा तिचा ड्रायव्हर. एकाच आकड्यातली एकच रेघ नसेल तर डिस्प्लेच्या आतच तुटलंय, ते सुटणार नाही.

हिरवट-निळा डिस्प्ले म्हणजे काचेची निर्वात नळी. काचेच्या आत एका कोपऱ्यात चांदीसारखा चकचकीत डाग असतो. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली, विषय संपला. डाग चकचकीत आहे पण आकडे येत नाहीत? अंधारात बघा. काचेत आडव्या बारीक तारा मंद नारिंगी दिसल्या तर फिलामेंट जिवंत आहे आणि खोट बहुतेक व्होल्टेज वाढवणाऱ्या सर्किटात, तिथला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकलेला असू शकतो. हे काम ठाण्यात कुणाला जमलं नाही तरी मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात पार्ट मिळतात. ताराही दिसत नसतील तर दोन्ही शक्यता उरतात: फिलामेंट तुटलंय, किंवा त्याला वीजच पोचत नाही. मी तरी असा पीस पूर्ण पैशांत घेणार नाही.

बटणं प्रत्येकी पाच-सहा वेळा दाबा. एकदा दाबून दोनदा आकडा येणं हा या पिढीचा नेहमीचा आजार. थोडं असेल तर उघडून संपर्क अल्कोहोलने पुसल्यावर सुधारतं.

मग हिशेब. 12345679 × 8 केलं की 98765432 यायला हवं. आठ आकड्यांत बसतं आणि एका फटक्यात बरेच आकडे तपासले जातात. 2 ÷ 3 चं शेवटचं 6 येतं की 7 हा बिघाड नाही, कापायचं की जवळची संख्या घ्यायची हा त्या मॉडेलचा स्वभाव. 2 + 3 × 4 चं उत्तर साध्या कॅल्क्युलेटरवर 20 येईल, टीआय-30 वर 14; दोन्ही बरोबर. बटणावर += असं एकत्र छापलं असेल तर 5 मधून 3 वजा करायला 5 +=, 3 −= असं दाबावं लागतं. हे माहीत नसल्यानं चांगला पीस 'खराब' ठरतो, आणि कधी कधी स्वस्तात मिळतो.

वय ठरवायला चिपवरचा चार आकडी कोड बघा: 7642 म्हणजे 1976 चा 42 वा आठवडा. तो चिपचा, कॅल्क्युलेटर त्यानंतर जुळवलेला. जुन्या एचपीच्या सिरियलमध्ये पहिल्या दोन आकड्यांत 60 मिळवा: 1523 ने सुरू होत असेल तर 1975 चा 23 वा आठवडा. पुढचं अक्षर एस म्हणजे सिंगापूरमध्ये बनलेला.

पाठ उघडताना स्क्रू दिसले नाहीत तर रबरी पायांखाली किंवा लेबलखाली चाचपा. पातीने उचकटू नका, क्लिपा ठिसूळ झालेल्या असतात. घरी आणल्यावर वापर नसेल तेव्हा सेल बाहेर काढून ठेवा.