पिल्लू पूर्ण वाढतं, पण अंड्यातच मरतं

प्रश्न : जुलैत ३० गावठी अंडी पंख्याच्या इनक्युबेटरमध्ये ठेवली. तापमान ३७.५ अंश, पाण्याचे दोन्ही खण पहिल्या दिवसापासून भरलेले. सातव्या दिवशी टॉर्चवर २४ अंडी धरलेली दिसली, पण पिल्लं निघाली ९. बाकीची फोडून पाहिली, तर पिल्लं पूर्ण वाढलेली, फुगलेली आणि आत पाणी. काय चुकलं? (चिपळूण)

उत्तर : पाणी जास्त झालं. तुम्ही अंडी फोडून पाहिलीत हे फार चांगलं केलंत, नाहीतर दोष तापमानावर गेला असता.

अंड्याच्या टरफलाला बारीक छिद्रं असतात आणि उबवणीत त्यांतून पाणी उडून जावंच लागतं. जेवढं पाणी जातं, तेवढी बोथट टोकाकडची हवेची पोकळी मोठी होते. टरफलाला टोचा मारण्याआधी पिल्लू चोचीने आतला पापुद्रा फोडून याच पोकळीतल्या हवेवर पहिला श्वास घेतं. पोकळी लहान राहिली तर श्वासाला हवा अपुरी, वळायला जागा नाही आणि भोवती न उडालेलं पाणी. तुमची १५ पिल्लं अशीच गेली.

कोकणात पावसाळ्यात खोलीतली हवा साधारण २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेची असते. तीच हवा ३७.५ अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता ५३ टक्क्यांच्या आसपास येते. पहिल्या १८ दिवसांना ५० ते ५५ टक्केच हवी. म्हणजे जुलैत दोन्ही खण कोरडे ठेवले तरी चाललं असतं. विदर्भात एप्रिल-मेमध्ये मात्र खण कोरडा ठेवला तर अंडी सुकून जातील.

खात्रीचा उपाय वजनकाटा. १८ दिवसांत अंड्याचं वजन साधारण १३ टक्के घटायला हवं. ट्रेचं वजन वगळून २० अंडी १००० ग्रॅम भरली, तर सहाव्या दिवशी ९५७, बाराव्या दिवशी ९१३ आणि अठराव्या दिवशी ८७० ग्रॅमच्या आसपास भरावीत. कमी घटली तर पाणी काढा, जास्त घटली तर वाढवा. मधे रिकामी अंडी काढलीत तर त्यांचं सुरुवातीचं वजनही वजा करायला विसरू नका. म्हणून ठेवतानाच प्रत्येक अंड्यावर पेन्सिलने वजन लिहा.

आर्द्रतामापकही तपासून घ्या, स्वस्तातले हमखास चुकतात. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकेच पाण्याचे थेंब टाका. झाकण आणि मापक एका हवाबंद डब्यात आठ तास ठेवा. आकडा ७५ यायला हवा. ८१ आला तर तुमचं मापक ६ जास्त दाखवतं.

अठराव्या दिवशी अंडी फिरवणं बंद करा, खण भरा आणि आर्द्रता ६५ ते ७० वर न्या. इथे उलटी चूक होते : एक पिल्लू निघालं की ते काढायला झाकण उघडलं जातं, दमट हवा निघून जाते आणि टोचा पडलेल्या बाकी अंड्यांतला पापुद्रा वाळून चामट होतो. ती पिल्लं कोरडी, पापुद्र्याला चिकटलेली सापडतात. निघालेल्या पिल्लाच्या पोटात बलक असतो, ते दिवसभर दाण्यापाण्याशिवाय राहतं. झाकण उघडू नका.

प्रश्न : टोचा पडून दहा तास झाले, पिल्लू पुढे सरकत नाही. टरफल सोलावं का? (वाई)

उत्तर : नाही. टोच्यानंतर २४ तासही लागतात. त्या वेळात पापुद्र्याच्या शिरांतलं रक्त आणि उरलेला बलक पिल्लू पोटात ओढून घेत असतं. घाईने सोललं तर रक्तस्राव होतो, बेंबी उघडी राहते. २४ तास उलटले आणि पापुद्रा पांढरा, कागदासारखा झाला असेल, तर कोमट पाण्यात बुडवलेल्या बोळ्याने तो ओला करून चोचीभोवतीचं टरफल थोडंसं काढा. रक्ताचा ठिपका दिसला की तिथेच थांबा.

प्रश्न : वीज दोन-तीन तास जाते. अंडी वाया जातील का? (मंगळवेढा)

उत्तर : सहसा नाही. झाकण बंद ठेवा, यंत्रावर गोधडी टाका, पण हवेची छिद्रं झाकू नका. शेवटच्या आठवड्यात पिल्लांना हवा जास्त लागते. थंडीपेक्षा उष्णतेची भीती जास्त आहे. वीज आल्यावर थर्मोस्टॅट अडकून तापमान ४० च्या पुढे गेलं, तर थोड्या वेळातही नुकसान होतं. म्हणून वीज आल्यानंतरचा पहिला अर्धा तास यंत्रावर लक्ष ठेवा.

प्रश्न : दुकानातली पांढरी अंडी उबवता येतील का? (नाशिक)

उत्तर : नाही. अंड्यांसाठीच्या पोल्ट्रीत कोंबडा नसतो, त्यामुळे ती फलित नसतात. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा असलेल्या घरून, सात दिवसांच्या आतली, न धुतलेली अंडी घ्या.