पेरीच्या आठवणींवर हक्क कुणाचा?

वाचकांचे प्रश्न

‘वॉर्म बॉडीज’ या चित्रपटाविषयी आलेल्या पत्रांमध्ये कमालीचा मतभेद आहे. काही वाचकांना तो अतिशय हळवा आणि निर्मळ वाटला, तर काहींना त्यातली प्रेमकथाच मुळात असह्य झाली. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर, आयझॅक मॅरियन यांच्या २०१० सालच्या कादंबरीवरून जोनाथन लेव्हिन यांनी हा चित्रपट लिहिला आणि दिग्दर्शित केला, आणि अमेरिकेत तो १ फेब्रुवारी २०१३ रोजी प्रदर्शित झाला. स्वतःचे नाव विसरलेला, केवळ ‘आर’ हे आद्याक्षर आठवणारा एक झॉम्बी, म्हणजे मेल्यावरही हिंडणारा, तरुण (निकोलस हॉल्ट) ओसाड विमानतळावर भटकत असतो; औषधांच्या शोधात तटबंदीबाहेर आलेल्या जिवंत माणसांच्या तुकडीवर त्याची टोळी हल्ला करते; तिथे तो ज्युली (टेरेसा पामर) हिला पाहतो, तिच्या प्रियकराला, पेरीला, ठार मारून त्याचा मेंदू खातो आणि तिला मात्र वाचवून आपल्या विमानात घेऊन येतो. पुढच्या चर्चेत शेवटाचाही उल्लेख आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रश्न : झॉम्बीपट म्हणजे भय. त्यात प्रेमकथा आणणे म्हणजे या प्रकाराशी केलेली प्रतारणा नव्हे का?

उत्तर : आपण ज्याला या प्रकाराचा मूळ स्वभाव समजता, तो प्रत्यक्षात १९६८ साली दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो यांनी ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’मध्ये घडवला. माणसाचे मांस खाणारी, झुंडीने चाल करून येणारी आणि डोक्यात घाव घातल्याशिवाय न थांबणारी प्रेते तिथपासून रूढ झाली. त्याआधीचा झॉम्बी हैतीच्या लोकसमजुतीतून आलेला होता, आणि तिथली भीती कुणी आपल्याला खाईल ही नव्हती, तर आपलीच इच्छाशक्ती हिरावून घेऊन मेल्यानंतरही कुणी आपल्याला राबवेल ही होती. गुलामगिरी भोगलेल्या समाजाची ती भीती होती. १९३२ सालच्या ‘व्हाइट झॉम्बी’त नेमकी हीच भीती प्रेमकथेत गुंफलेली आहे. एका मळ्याचा मालक दुसऱ्याच्या वधूवर भाळतो, मांत्रिकाकरवी तिला झॉम्बी करवून घेतो आणि ती ताब्यात आल्यावर तिच्या रिकाम्या डोळ्यांकडे पाहून पस्तावतो. मांत्रिक मरतो तेव्हा ती पुन्हा भानावर येते. म्हणजे प्रेम, ताबा आणि पुन्हा माणूस होणे हे तिन्ही धागे या परंपरेत पहिल्यापासून आहेत.

खुद्द रोमेरो यांनीही पुढे ही वाट चोखाळली. १९८५ सालच्या ‘डे ऑफ द डेड’मध्ये बब नावाचा एक झॉम्बी आहे. त्याला हेडफोन लावून बेथोव्हेनचे संगीत ऐकवले जाते तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे उमटते, ते पाहिलेल्याला आरने आपल्या विमानात जपलेल्या गाण्यांच्या जुन्या तबकड्यांचे नवल वाटणार नाही. १९९३ साली आलेल्या ‘रिटर्न ऑफ द लिव्हिंग डेड’च्या तिसऱ्या भागात तर प्रियकर आपल्या मृत प्रेयसीला परत आणतो आणि तिची भूक थोपवण्यासाठी तिला स्वतःच्या शरीराला जखमा करून घ्याव्या लागतात. तो चित्रपट ‘वॉर्म बॉडीज’पेक्षा कितीतरी कडू आहे, पण त्याचा कणा प्रेमकथेचाच आहे. तेव्हा प्रतारणेचा आरोप मला मान्य नाही. आक्षेप घ्यायचाच तर तो अन्यत्र आहे, आणि पुढच्या पत्रलेखिकेने तो अचूक हेरला आहे.

प्रश्न : ज्या मुलाने तिच्या प्रियकराला मारले, त्याचा मेंदू खाल्ला आणि त्या मेंदूतल्या आठवणींच्या आधारे तिचे मन जिंकले, त्याच्यावर ज्युलीने प्रेम करावे आणि आपण टाळ्या वाजवाव्यात, हे मला पटत नाही. माझे काही चुकते आहे का?

उत्तर : आपले मुळीच चुकत नाही. या चित्रपटाविषयी विचारण्याजोगा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

प्रथम जे पडद्यावर घडते ते नीट पाहू. आरचे लक्ष ज्युलीकडे पेरीचा मेंदू खाण्याआधीच गेलेले असते. बंदूक चालवणाऱ्या तिच्याकडे तो पाहतच राहतो आणि त्याच क्षणी पेरी त्याच्या छातीत गोळी झाडतो. त्यामुळे आरची सगळी ओढ उसनी आहे असे म्हणता येत नाही. मात्र त्यानंतर जे होते ते अधिक अवघड आहे. मृतांना मेंदू खाताना मेलेल्याच्या आठवणी दिसतात, अशी या कथेतली अट आहे. आर पेरीचा मेंदू एकदम संपवत नाही. उरलेला भाग तो खिशात ठेवतो आणि नंतर, ज्युली जवळच असताना, थोडा थोडा खातो. ही एक कृती दिग्दर्शकाने फार गाजावाजा न करता दाखवली आहे, आणि संपूर्ण चित्रपटात मला तीच सर्वांत अस्वस्थ करून गेली. हल्ल्याच्या वेळी केलेली हत्या भुकेच्या खात्यावर मांडता येईल. खिशातला तुकडा काढून खाणे हा मात्र निर्णय आहे. तो तिच्या पूर्वायुष्यात तिच्या परवानगीवाचून शिरतो, तिची पहिली भेट, तिचे हसणे, तिने विश्वासाने उघड केलेले मन, हे सारे दुसऱ्याच्या डोळ्यांतून पाहतो, आणि तिला त्याचा पत्ता नसतो.

त्याच आठवणींत पेरीचे स्वतःचे दुःखही आहे. झॉम्बी झालेल्या आपल्या वडिलांना त्याला स्वतःच्या हाताने मारावे लागलेले असते आणि तेव्हापासून तो आतून कठोर होत गेलेला असतो. पेरी हा केवळ वाटेतला अडथळा नव्हता हे चित्रपटाला ठाऊक आहे, आणि म्हणूनच त्याच्या मृत्यूचा हिशेब पुरता होत नाही ही गोष्ट अधिक खटकते. आर अखेर कबुली देतो, आणि ते सोपे नसते, कारण गप्प राहिला असता तर ज्युली त्याच्याजवळच थांबली असती. तिला मनातून संशय होताच. ती त्याला सोडून एकटीच निघून जाते. इथवर सर्व योग्य आहे. पण ती पुन्हा त्याला स्वीकारते तो प्रवास पटकथेने जवळजवळ वगळला आहे. तटबंदीच्या आत पोहोचलेली ज्युली आपली मैत्रीण नोरा हिच्याशी थोडे बोलते, आरची आठवण येत असल्याचे मान्य करते, आणि लगेच तो तिच्या घराखाली हजर होतो.

इथे शेक्सपिअरशी तुलना करणे अपरिहार्य आहे, कारण चित्रपटानेच ती ओढवून घेतली आहे. आर म्हणजे रोमिओ, ज्युली म्हणजे ज्युलिएट, पेरी म्हणजे पॅरिस, आरचा मित्र एम म्हणजे मर्क्युशिओ, आणि सज्जाखालच्या भेटीचा प्रसंगही आहेच. मूळ नाटकातही रोमिओ ज्युलिएटच्या माणसाला मारतो. तिचा मामेभाऊ टिबॉल्ट त्याच्या हातून मरतो आणि ही वार्ता दाईकडून ज्युलिएटच्या कानी येते. तिसऱ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात तिची जी तगमग होते, ती एका क्षणी त्याला शिव्याशाप देते, दुसऱ्या क्षणी त्याची निंदा करणाऱ्या दाईवरच संतापते, भावासाठी रडावे की पतीसाठी हे तिला कळेनासे होते, त्या तगमगीला नाटककाराने पुरेपूर जागा दिली आहे. खुन्यावर प्रेम उरते ही गोष्ट आपण तिथे स्वीकारतो, कारण त्याची किंमत मोजताना ज्युलिएटला आपण पाहिलेले असते. ‘वॉर्म बॉडीज’ने सज्जा घेतला, नावे घेतली, पण तो दुसरा प्रवेश घेतला नाही. माझ्या मते चित्रपटाची खरी उणीव ही आहे. टेरेसा पामर यांच्यासारखी समर्थ अभिनेत्री हाताशी असताना ज्युलीला पेरीसाठी धड रडूही न देणे, हा तिच्यावरचा अन्याय आहे.

प्रश्न : मग ज्युली विमानात राहते ती कैदी म्हणूनच ना? तिला पळून जाता येत नाही, म्हणून ती त्याच्याशी गोड वागते, असे मला वाटले.

उत्तर : सुरुवातीला ती कैदीच असते, यात शंका नाही. बाहेर मृतांचे थवे आहेत हे खरे असले, तरी तिने आणखी काही दिवस थांबावे यासाठी आर त्या धोक्याचा आधार घेतो, आणि त्यात त्याचा स्वार्थ आहे. तरीही दोन गोष्टी मला या वाचनाच्या विरुद्ध जाताना दिसतात. ज्युली कधीही हतबल होऊन बसत नाही. ती निघण्याचा प्रयत्न करते, हत्यार हाती घेते, प्रश्न विचारते. दुसरे असे की, दोघांच्या वागण्यात परतफेड आहे. हल्ल्याच्या वेळी आर तिच्या चेहऱ्याला मृतांचे रक्त फासतो, जेणेकरून जिवंत माणसाचा वास झाकला जाईल आणि ती त्याच्या टोळीतून सुखरूप बाहेर पडेल. उत्तरार्धात ज्युली आणि नोरा आरच्या चेहऱ्याला रंगरंगोटी करतात, जेणेकरून तो माणसांमध्ये खपून जाईल. पहिल्या वेळी ती घाबरून निश्चल उभी असते; दुसऱ्या वेळी तो स्वखुशीने चेहरा पुढे करतो. एकमेकांच्या जगात शिरण्यासाठी प्रत्येकाला दुसऱ्याचा वेश घ्यावा लागतो आणि तो वेश समोरच्याच्याच हातून चढवला जातो, ही रचना मला फार आवडली. आधीच्या पत्रातला आक्षेप कायम ठेवूनही ती आवडते.

प्रश्न : प्रेमाने मृत हृदय धडधडू लागते, याला शास्त्रीय आधार काय?

उत्तर : काहीही नाही, आणि चित्रपट तसा आव आणत नाही. माणसांना झॉम्बी करणारी साथ कशामुळे आली हेही तो सांगत नाही. ही परीकथा आहे आणि तिचे नियम तिच्यापुरते सुसंगत आहेत की नाही एवढेच पाहावे. ते बहुतांशी आहेत, कारण आरमधला बदल हळूहळू होतो: आधी एखादा शब्द, मग दोन शब्दांचे वाक्य, मग हाताच्या पकडीत थोडी नजाकत. निकोलस हॉल्ट यांचे काम इथे खरोखर वाखाणण्याजोगे आहे. त्यांच्या निवेदनातला आर बोलका, चौकस आणि स्वतःवर नाराज आहे, तर पडद्यावरच्या आरला घशातून ‘ज्यु’ एवढे अक्षर काढायलाही सर्व बळ एकवटावे लागते. मनात वाक्य तयार असून ओठांवर न येणे हा अनुभव ज्याने घेतला आहे, त्याला हा झॉम्बी परका वाटणार नाही.

घाई होते ती इतर मृतांच्या बाबतीत. आर आणि ज्युली यांचे हातात हात पाहून एम आणि त्याचे सोबती बदलू लागतात इथपर्यंत ठीक आहे. रॉब कॉर्ड्री यांनी एमला जी उबदार गंमत दिली आहे तिच्यामुळे ते पटतेही. परंतु नंतर सगळी टोळीच्या टोळी सुधारते आणि उरलेली सांगाडेवजा भुते, ज्यांना चित्रपटात ‘बोनीज’ म्हटले आहे, सरसकट मारण्यायोग्य ठरतात. ज्याला आशा उरलेली नाही त्याचा बोनी होतो असे आपल्याला सांगितलेले असते. म्हणजे तेही कधीकाळी आरसारखेच होते. कुणालाही परत आणता येते असे सांगणाऱ्या कथेने त्यांच्यासाठी एक शब्दही खर्च करू नये, हे मला विसंगत वाटते. त्यातून त्यांचे संगणकीय चित्रणही कच्चे आहे, त्यामुळे त्यांची भीती वाटत नाही आणि कीवही येत नाही.

प्रश्न : शेवट फार गोड नाही का झाला? रोमिओ-ज्युलिएटची शोकांतिका अशी सुखान्त करण्यात काय अर्थ?

उत्तर : शेवट गोड आहे, पण त्यातला एक क्षण मूळ नाटक नीट वाचलेल्या माणसाने लिहिलेला आहे, असे मी ठामपणे म्हणेन. नाटकाच्या अखेरीस थडग्यात उतरलेला रोमिओ ज्युलिएटकडे पाहतो, तिच्या ओठांवर आणि गालांवर अजून लाली असल्याचे त्याला दिसतेही, पण ती जिवंत असल्यामुळे तशी दिसते हे त्याच्या ध्यानात येत नाही आणि तो विष घेतो. सारी शोकांतिका त्या न उमगलेल्या लालीत आहे. चित्रपटात ज्युलीचे वडील, कर्नल ग्रिजिओ, आरवर गोळी झाडतात आणि जखमेतून लाल रक्त वाहू लागते. मृतांचे रक्त असे वाहत नाही. ती खूण ज्युली ओळखते, वडिलांना दाखवते, आणि गोळी झाडणारा हात खाली येतो. तीच लाली, पण या वेळी ती वाचता येणारे कुणीतरी तिथे हजर आहे. सुखान्त केल्याबद्दल मला तक्रार नाही, कारण तो इथे रास्त मार्गाने आला आहे.

मात्र त्यानंतर भिंत पाडण्याचे दृश्य येते आणि सर्व काही सुरळीत झाल्याचे निवेदनातून सांगितले जाते, तेव्हा पेरीचे नाव कुणीही घेत नाही. एखादे वाक्य तरी हवे होते.

प्रश्न : मूळ कादंबरी वाचावी का? आणि तेरा वर्षांच्या मुलीला चित्रपट दाखवता येईल का?

उत्तर : कादंबरी जरूर वाचावी. तिच्यात आरला मृतांमधलीच एक पत्नी आहे आणि दोघांकडे मुलेही सोपवलेली आहेत. चित्रपटाने हे सगळे गाळले आहे. त्यामुळे कथा सुटसुटीत झाली, पण मेलेले लोक जिवंतपणीच्या संस्थांची कशी यांत्रिक नक्कल करत राहतात हा कादंबरीतला विदारक भाग हरवला. पेरीलाही तिथे बरीच अधिक जागा मिळाली आहे, म्हणून दुसऱ्या प्रश्नाच्या लेखिकेला मी ती विशेष आग्रहाने सुचवेन.

चित्रपटाला अमेरिकेत ‘पीजी-१३’ (तेरा वर्षांखालील मुलांबाबत पालकांनी विशेष दक्षता घ्यावी) हे प्रमाणपत्र आहे आणि त्याची लांबी सुमारे ९८ मिनिटे आहे. रक्तपात दिसतो, पण कॅमेरा त्यावर रेंगाळत नाही. पेरीच्या मृत्यूचा सुरुवातीचा प्रसंग मात्र अंगावर येऊ शकतो. आपण सोबत बसून पाहावा, आणि आरने ज्युलीला सत्य कधी सांगायला हवे होते, असे मुलीला नंतर विचारावे.